दहावा माणूस मागे वळला

शास्त्रवाचन: लूक १७:११-१९, अनुवाद २४:१४-१५, अनुवाद २६:१-११



दहा कुष्ठरोग्यांचा उतारा आपल्या परिचयाचा आहे. दहाही जणांनी दुरून हाक मारली, दहाही याजकाकडे निघाले आणि वाटेत दहाही शुद्ध झाले. परत आला तो एकच, आणि तोही शोमरोनी. हा पाठ आपण बहुधा मदत घेणाऱ्यांना शिकवतो. या वेळी तो मदत देणाऱ्यांनी, म्हणजे आपण, स्वतःसाठी वाचू या.

१. आपणही घेणारे होतो

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची धरणी हादरली. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. औसा, निलंगा, उमरगा या भागांत दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसे गेली.

त्यानंतर जवान आले, डॉक्टर आले, ट्रक भरभरून धान्य आणि कपडे आले. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसली. मग २०१६ च्या एप्रिलात लातूर शहराची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेही सुमारे ३४० किलोमीटरवरून.

ढिगारा उपसणाऱ्यांची, भाकरी बांधून पाठवणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांची परतफेड त्यांच्याच हाती करता येणार नाही. म्हणून ते देणे आज ज्याला गरज आहे त्याच्याकडे वळवायचे. किनवट-माहूरच्या वाडीपाड्यांवर आपण जे पाठवतो त्याकडे असे पाहिले, तर ते उपकार राहत नाहीत. ती जुन्या देण्याची फेड होते.

२. पहिली टोपली कोणाबरोबर खायची?

अनुवादाच्या २६ व्या अध्यायात इस्राएली शेतकरी पहिल्या उपजाची टोपली घेऊन देवापुढे उभा राहतो. तो आपल्या कष्टांचा पाढा वाचत नाही. आपले पूर्वज भटके होते, मिसरात दास होते, तिथून देवाने सोडवले, हे तो आठवतो. मग लेवी आणि उपरा यांच्यासह आनंद करायचा असतो. या दोघांना स्वतःची जमीन नव्हती, हे लक्षात घ्या.

आपल्या भागातल्या येळवशीची इथे आठवण होते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी भरतात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे सर्वांना मिळतात. ज्याला गुंठाभर जमीन नाही, त्यालाही कुणाच्या तरी शेतात बोलावणे असते. गोंड बांधवांतही नवे धान्य आधी अर्पण करून मगच खाण्याची रीत आहे. त्यांच्या आणि आपल्या उपासनेत फरक आहे. पण हाती आलेले सगळे आपलेच नव्हे, ही जाण ठेवण्यात ते आपल्या पुढे असू शकतात. येशूनेही परत आलेल्या परक्याकडे बोट दाखवले होते.

३. शेतात, दुकानात, गल्ल्यावर

धंद्यातली कृतज्ञता बोलण्यात कमी आणि हिशेबात जास्त दिसते. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, असे नियमशास्त्र सांगते. कारणही सांगते: त्याचा जीव त्या पैशांवर अवलंबून असतो.

सोयाबीन काढणीला गुत्त्याने आलेली टोळी, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत राबणारा सालगडी, अडतीवरचा हमाल, तेंदूपत्ता तोडून पुडे बांधणारी आदिवासी बाई, यांच्यामुळे कुणाचा तरी गल्ला भरतो. त्यांची मजुरी “माल विकल्यावर बघू” म्हणून लांबवायची आणि दिवाळीला सदरा द्यायचा, ही कृतज्ञता नव्हे. ठरलेली मजुरी वेळेवर देणे, काटा न मारणे, हा न्याय आहे. कृतज्ञता त्यापुढे सुरू होते: त्याचे नाव माहीत असणे, आजारपणात विचारपूस करणे, चांगल्या सालात ठरल्यापेक्षा थोडे अधिक देणे.

इथे एक सावधगिरी हवी. पूर्वी खळ्यावर बलुते मिळायचे. वर्षभर काम करूनही घेणाऱ्याला मान खाली घालून उभे राहावे लागे. धान्य मिळे, पण माणूस लहान होई. आपल्या दानातून तसे घडू नये. वही-दप्तर मिळालेल्या मुलाने हात जोडून फोटोला उभे राहावे, अशी अपेक्षा आपण का करावी? येशूने “बाकीचे नऊ कुठे आहेत” असे विचारले खरे. पण त्यांचे बरे होणे काढून घेतल्याचे लूक सांगत नाही.

४. वाईट सालात काय?

पाऊस दडी मारतो, भाव पडतो, घरात आजारपण येते. पौल सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करायला सांगतो (१ थेस्सलनीकाकरांस ५:१८). परिस्थिती चांगली आहे असे म्हणायला तो सांगत नाही. ज्याचे घरदार भूकंपात गेले, त्याला “त्याबद्दलही आभार मान” असे कोणी सांगू नये. त्याच्याजवळ बसावे. ढिगाऱ्यातून हात देणारा हात कोणाचा होता, हे त्याला त्याच्या वेळेने आठवू द्यावे.

या आठवड्यात करून पाहा

• ज्यांची परतफेड राहिली आहे अशा तीन माणसांची नावे लिहा. त्यांपैकी एकाला भेटा किंवा फोन करा.
• कोणाची मजुरी, उधारी किंवा बिल थकले असेल तर रविवारच्या उपासनेआधी चुकते करा.
• दानार्पण करताना आपल्याला कधी, कोणाकडून मिळाले होते, ते घरातल्या मुलांना सांगा.

मंडळीत चर्चेसाठी

१. आपण कोणाकडून आभारांची वाट पाहत आहोत? का?
२. आपल्या धंद्यात किंवा नोकरीत ज्याच्या कष्टांकडे आपले लक्षच जात नाही, असा माणूस कोण?
३. आदिवासी बांधवांकडून आपण काय घेतले आहे?

प्रार्थना: हे प्रभो, आम्ही मागताना मोठ्याने हाक मारतो आणि मिळाल्यावर आपल्या वाटेने निघून जातो. आम्हांला मागे वळायला शिकव. आमचे हिशेब सरळ ठेव, आणि देताना आमची मान ताठ होऊ देऊ नकोस. आमेन.