गौरीचे घर

भाद्रपद महिना लागला की घरोघर गणपती बसतो. त्याच्या मागोमाग गौरी येतात. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत त्यांची पावले काढतात. पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, तिसऱ्या दिवशी बोळवण. माहेरवाशिणीचे तीन दिवस कसे गेले ते कळतसुद्धा नाही.

आमच्या वर्गात एकदा यावरून वाद झाला. एक बाई म्हणाल्या, "गौरी म्हंजे गणपतीची आई." दुसऱ्या म्हणाल्या, "छे हो! आमच्याकडं त्या गणपतीच्या बहिणी हायेत. थोरली आन् धाकटी." तिसऱ्या मराठवाड्याच्या. त्या म्हणाल्या, "आमच्यात तर त्यांना महालक्ष्म्या म्हणत्यात." मग तिघीही आमच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

आम्ही सांगितले, तिघींचेही खरे आहे. देवादिकांच्या कथा कुणा एकाने एका दिवशी लिहिलेल्या नाहीत. त्या हजारो वर्षे तोंडातोंडी चालत आल्या. प्रत्येक मुलखाने त्यात आपली भर घातली. कुठे नदीकाठचे खडे आणून गौरी बसवतात, कुठे तेरड्याची रोपे, कुठे मुखवट्यांना लुगडी नेसवून उभ्या करतात. गौरी आणतात अनुराधा नक्षत्रावर, पूजा होते ज्येष्ठा नक्षत्रावर आणि बोळवण मूळ नक्षत्रावर. पूजेच्या नक्षत्रावरून तिला ज्येष्ठा गौरी असे नाव पडले.

पण पुराणात गौरी हे नाव पार्वतीचे. आज आपण तिच्या घरची माणसे पाहू.

पार्वती म्हणजे पर्वताची मुलगी. तिचा बाप हिमालय, आई मेना. रामायणात असे सांगितले आहे की हिमालयाला दोन मुली होत्या, थोरली गंगा आणि धाकटी उमा. उमा म्हणजेच पार्वती. आपल्या बाया जात्यावर गंगेला गौरीची सवत करून दोघींची भांडणे लावतात. रामायणाप्रमाणे त्या सख्ख्या बहिणी!

पार्वतीचा हा दुसरा जन्म. आदल्या जन्मी ती सती होती, दक्ष राजाची लेक. तिने शंकराशी लग्न केले. बापाला जावई पसंत नव्हता. अंगाला राख, गळ्यात साप, राहायचे मसणात. असला जावई चारचौघांत कसा मिरवायचा? दक्षाने मोठा यज्ञ मांडला. सगळ्या देवांना बोलावणे धाडले, लेकीला आणि जावयाला मात्र नाही. सती म्हणाली, "बापाच्या घरी जायला आमंत्रण कशाला हवे?" शंकर नको म्हणत असताना ती गेली. तिथे कुणी तिला 'ये, बैस' म्हटले नाही. भर मंडपात बापाने तिच्या नवऱ्याची निंदा केली. तो अपमान सतीला सोसवेना. तिने तिथेच देह टाकला. हरिद्वारजवळ कनखल नावाचे गाव आहे. तो यज्ञ तिथे झाला असे लोक मानतात.

इथे थोडे थांबू. विधवा बाईला नवऱ्याच्या चितेवर जाळण्याची एक दुष्ट चाल आपल्या देशात होती. तिला 'सती जाणे' म्हणत. काही लोक या देवीचे नाव पुढे करून त्या चालीला धर्म म्हणत. आता कथा पुन्हा वाचा. दक्षाची लेक विधवा होती काय? तिचा नवरा तर जिवंत होता. ती मेली ती बापाने केलेल्या अपमानापायी. म्हणजे त्या चालीला या कथेचा आधार मुळीच नाही. इंग्रज सरकारने १८२९ साली बंगाल इलाख्यात ती चाल कायद्याने बंद केली. तरीही १९८७ साली राजस्थानात एक कोवळी सून जळून मेली, आणि तिचा गौरव करायला हजारो लोक जमले. मग त्याच साली नवा कायदा झाला. असल्या प्रकाराचा गौरव करणे हासुद्धा आता गुन्हा आहे.

पुढच्या जन्मी सती हिमालयाच्या पोटी आली. शंकरच नवरा हवा म्हणून तिने तप मांडले. आई कळवळली. "उ, मा!" म्हणाली. म्हणजे, "अगं, नको!" त्यावरून तिचे नाव उमा पडले असे कवी कालिदासाने सांगितले आहे. तपात तिने झाडाची पानेही खायची सोडली. पान म्हणजे पर्ण. पर्णही न खाणारी ती अपर्णा. शेवटी शंकर प्रसन्न झाला. हे लग्न तिचे तिने ठरवले होते. या खेपेला बापानेही ते मानाने लावून दिले.

तिला दोन मुलगे. थोरला कोण, यावर पुन्हा मुलूख वेगळा. आपल्याकडे गणपतीचा मान पहिला. दक्षिणेत गणपती थोरला, उत्तरेत बहुतेक ठिकाणी कार्तिकेय. तमिळ लोक त्याला मुरुगन म्हणतात. तारकासुराला मारण्यासाठी त्याचा जन्म झाला. सहा कृत्तिकांनी त्याला दूध पाजले. सहा आयांकडे पाहायचे म्हणून पोराला सहा तोंडे आली! गणपती मात्र एकट्या आईचा. तिने अंगाच्या मळाचा मुलगा केला आणि दारावर बसवला. पुढची गोष्ट तुम्हाला पाठ आहे.

आणखी एक गंमत. आपल्याकडे कार्तिकेय ब्रह्मचारी मानतात. बायका त्याचे दर्शनसुद्धा घेत नाहीत. गणपतीला मात्र ऋद्धी आणि सिद्धी अशा दोन बायका. तमिळ मुलखात नेमके उलटे आहे. तिथे मुरुगनला वल्ली आणि देवसेना या दोन बायका, आणि गणपती सहसा ब्रह्मचारी. तिथल्या बाया मुरुगनच्या देवळात खुशाल जातात. मुलेबाळे घेऊन जातात. त्यांचे काही वाईट झालेले नाही.

या घरातली वाहने पाहा. शंकराचा बैल, पार्वतीचा सिंह. कार्तिकेयाचा मोर, गणपतीचा उंदीर. शंकराच्या गळ्यात नाग. सिंह बैलाला खाईल, मोर नागाला मारील, नाग उंदराला गिळील. तरी सगळी एका अंगणात नांदतात. माणसांत कुरबुरी होतातच. शंकर-पार्वती एकदा सारीपाट खेळायला बसली. शंकर हरला आणि रागावून रानात निघून गेला. मग पार्वतीने भिल्लिणीचा वेष घेतला आणि त्याला परत आणले. विदर्भात आणि खानदेशात पोरी भुलाबाई बसवतात, ती हीच भिल्लीण.

हा सारीपाट दगडातही आहे. वेरूळच्या लेण्यांत दोघे खेळताना कोरली आहेत. मुंबईजवळ घारापुरीच्या लेण्यात त्यांचे लग्न कोरले आहे. दगड जागोजाग फुटला आहे, तरी नवरी ओळखू येते. मान जराशी खाली घालून ती नवऱ्याच्या उजव्या हाताला उभी आहे.