दुदुकचा 'दाम' आणि यंत्राचा सूर

आर्मेनियन लोकसंगीत आणि आधुनिक इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांच्या संयोगाची चर्चा बहुधा 'परंपरा की नवता' या जुन्याच वादाशी येऊन थांबते. अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न याहून नेमका आहे. परंपरेतील कोणती जागा यंत्राने घेतली, आणि ती घेतल्याने काय मूक झाले?

दुदुक हे जर्दाळूच्या लाकडाचे, रुंद दुहेरी पत्तीचे सुषिर वाद्य होय. त्याचा स्वरविस्तार सप्तकाहून थोडाच अधिक असतो. परंपरेने ते दोघे मिळून वाजवितात. एक वादक चाल वाजवितो. दुसरा, ज्यास 'दामकश' म्हणतात, 'दाम' नावाचा एकच दीर्घ सूर धरून ठेवतो. गालांत हवा साठवून त्याच वेळी नाकाने श्वास घेण्याच्या कौशल्यामुळे हा सूर तुटत नाही. सनईच्या साथीला नुसता सूर देणारा वादक ज्यांनी ऐकला आहे, त्यांस ही योजना अपरिचित वाटणार नाही. मात्र दाम निर्जीव नसतो. चालीचा विसावा बदलला की दामकश आपला सूर बदलतो. तो साथीदार तर असतोच, पण पहिला श्रोताही तोच.

सिंथेसायझरने सर्वप्रथम हीच जागा घ्यावी, हे स्वाभाविकच होते. पीटर गेब्रिएल यांच्या 'पॅशन' (1989) या चित्रपटसंगीतात, किंवा जिवान गास्पार्यान आणि मायकेल ब्रुक यांच्या 'ब्लॅक रॉक' (1998) मध्ये दुदुकभोवती असा विस्तीर्ण ध्वनिपट उभा राहतो. त्याचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु यंत्राचा सूर दमत नाही, आणि ऐकतही नाही. (इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याविषयी आपल्या गवयांची तक्रार याच जातीची आहे.)

याहून गंभीर प्रश्न शब्दांचा आहे. कोमितास (1869–1935) यांनी खेडोपाडी फिरून लोकगीते टिपली आणि नांगरणीच्या 'होरोवेल' गीतांचा बारकाईने अभ्यास केला. त्या गीतांत बैलांना घातलेली साद आणि सोबत्यांना दिलेली हाक चालीपासून वेगळी काढता येत नाही. मराठी भलरीचेही तसेच आहे. वाद्यप्रधान संयोगात पहिला बळी जातो तो या हाकेचा. गास्पार्यान यांची 1983 ची ध्वनिमुद्रिका ब्रायन ईनो यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये पश्चिमेत पुन्हा निघाली. तिच्या शीर्षकाचा अर्थ 'या जगात मी दुःखी होणार नाही' असा. तथापि 'ग्लॅडिएटर' (2000) पर्यंत येता येता दुदुक हे कोणत्याही देशाच्या, कोणत्याही काळाच्या शोकाचे सोयीस्कर चिन्ह होऊन बसले. तेथे तर प्राचीन रोम होते. 1915 च्या संहाराची स्मृती वाहणाऱ्या लोकांच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येणार नाही. स्वतः कोमितास यांना त्या वर्षी एप्रिलमध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे अटक झाली. ते जिवंत परतले, पण त्यांची अखेरची वर्षे फ्रान्समधील मनोरुग्णालयात गेली.

या पार्श्वभूमीवर ग्युम्री येथे 1987 मध्ये जन्मलेले पियानोवादक तिग्रान हमास्यान यांचे 'शॅडो थिएटर' (2013) निराळे ठरते. तेथे सिंथेसायझर आहे, ढोलांचा जोरकस आघात आहे, विषम मात्रांची गुंतागुंतही आहे. पण मध्यभागी दुदुकचा उसासा नसून गाणारा मानवी कंठ आहे. यंत्र त्या कंठाखाली पसरून राहत नाही. ते लयीच्या अंगाने त्याच्याशी झुंजते.