शिक्का पक्षाचा, मत आपले



निवडणूक जवळ आली की रविवारी मिस्सा संपल्यावर अंगणात एक प्रश्न हमखास कानावर येतो, "फादर, तो कोणाचा माणूस?" भिवपुरी रोड स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर आणि वाडीवस्तीवरही तोच प्रश्न असतो. उमेदवाराने आजवर काय केले, हे त्यानंतर विचारले जाते. पुष्कळदा विचारलेच जात नाही. म्हणून या रविवारी आपण पक्षाचा शिक्का आणि पुढाऱ्यांचा पाठिंबा यांविषयी विचार करू या.

१. चिन्ह कोठे असते, कोठे नसते?

विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि नगर परिषद या निवडणुका पक्षांच्या चिन्हांवर लढवल्या जातात. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक मात्र पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तेथे उमेदवाराला राज्य निवडणूक आयोगाच्या यादीतील मुक्त चिन्ह मिळते. गावाचा कारभार गावाने पक्षभेद बाजूला ठेवून पाहावा, हा त्यामागचा चांगला विचार आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते आपण जाणतो. पॅनेलचे नाव 'ग्रामविकास' असते, पण बॅनरवर फोटो तालुक्याच्या पुढाऱ्यांचे असतात. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात सात हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. निकालानंतर अनेक पक्षांनी सर्वाधिक सरपंच आपलेच असल्याचे सांगितले. मतपत्रिकेवर पक्षच नसल्यामुळे हा दावा तपासून पाहण्याची सोय नव्हती.

कायद्यातही हा फरक आहे. आमदारांना १९८५ पासून पक्षांतरबंदी लागू आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि नगर परिषदेच्या सदस्यांसाठी महाराष्ट्राने १९८६ साली वेगळा कायदा केला. ग्रामपंचायतीला हे बंधन नाही. म्हणजे वरच्या पातळीवर पक्षाच्या शिक्क्याला कायद्याचे वजन आहे. गावात तो केवळ सांगोवांगीचा आहे.

२. शिक्का खोटा नसतो, पण अपुरा असतो

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना खूण आणि वस्तू यांतील फरक आम्हाला सुरुवातीलाच शिकवला गेला. धूर ही विस्तवाची खूण आहे, पण धुरावर भाकरी भाजत नाही. पक्षाचे नाव ही अशीच एक खूण आहे. ती निरुपयोगी नाही. विधानसभेत आमदार पक्षादेशाप्रमाणे मतदान करतो. म्हणून जमीन, शिक्षण, आरक्षण किंवा धर्मस्वातंत्र्य या विषयांवर त्याच्या पक्षाची भूमिका काय आहे, हे विचारलेच पाहिजे. "आम्ही फक्त माणूस पाहतो," असे म्हणणेही तेथे अर्धवट ठरते.

परंतु वाडीची विहीर उन्हाळ्यात आटते, दाखल्यासाठी कातकरी कुटुंबाला तहसील कचेरीत चार खेपा घालाव्या लागतात, पावसाळ्यात रस्ता वाहून जातो, तेव्हा पक्षाच्या नावाने काही होत नाही. तेथे माणूस कसा आहे हेच महत्त्वाचे. म्हणून आम्ही एक साधा नियम सुचवतो : निवडणूक जितकी वरची, तितके वजन पक्षाला द्यावे, जितकी जवळची, तितके माणसाला.

३. आपल्या मतदारसंघाचा अनुभव

आपल्या कर्जत-खालापूर मतदारसंघातच पाहा. महेंद्र थोरवे २०१४ साली शेतकरी कामगार पक्षातर्फे उभे होते व थोडक्यात पराभूत झाले. २०१९ साली ते शिवसेनेतर्फे निवडून आले. २०२२ साली शिवसेनेत फूट पडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व धनुष्यबाण शिंदे गटाला दिला, आणि २०२४ साली ते त्याच चिन्हावर पुन्हा निवडून आले. त्यांचे निकटचे प्रतिस्पर्धी सुधाकर घारे अपक्ष होते, पण त्यांचे राजकीय काम अजित पवार यांच्या राष्ट्रवादीत झाले होते. तो पक्ष शिवसेनेच्याच महायुतीत होता. दोघांमधील अंतर सहा हजार मतांपेक्षा कमी होते. आम्ही येथे कोणाला दोष देत नाही. 'अपक्ष' हा शब्दही सगळे सांगत नाही, एवढेच दाखवायचे आहे.

चिन्हाच्या घोटाळ्याचा अनुभव २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आला. शरद पवार यांच्या पक्षाचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' होते. काही मतदारसंघांत अपक्षांना नुसती तुतारी मिळाली. लोक तिला पिपाणी म्हणू लागले. साताऱ्यात अशा अपक्षाला सुमारे ३७ हजार मते पडली आणि पवारांच्या पक्षाचा उमेदवार सुमारे ३३ हजारांनी हरला. यंत्रावर पक्षाचे नाव नसते; उमेदवाराचे नाव, फोटो आणि चिन्ह असते. वृद्ध आईवडिलांना मतदानाला नेण्यापूर्वी हे घरीच समजावून सांगावे.

४. पाठिंबा म्हणजे साक्ष

एखादा पुढारी, मंडळ किंवा समाजसंस्था "यांना मत द्या" असे सांगते, तेव्हा ती साक्ष देत असते. साक्षीदाराला विचारायचे तेच तीन प्रश्न येथेही विचारावेत. याला उमेदवाराची प्रत्यक्ष माहिती आहे का? यात याचा काही लाभ आहे का? मागच्या वेळी याने दिलेली साक्ष खरी ठरली का?

५. ख्रिस्तसभा पाठिंबा का देत नाही?

आमची एक चूक येथे कबूल करतो. पूर्वीच्या एका धर्मग्रामात सणाच्या मिस्सानंतर एका उमेदवाराला आम्ही 'दोन शब्द' बोलू दिले. हेतू वाईट नव्हता. त्याने रस्त्यासाठी मदत केली होती. पुढच्या रविवारी दोन कुटुंबे मिस्साला आली नाहीत. दुसऱ्या पॅनेलमध्ये त्यांचा मुलगा उभा होता. त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली, तरी शांतिचिन्ह देताना त्यांचा हात पुन्हा पुढे यायला बरेच महिने लागले. वेदी सर्वांची आहे, हे त्या दिवशी आम्ही विसरलो होतो.

देशाचा कायदाही हेच सांगतो. १९८८ च्या कायद्यानुसार धर्मस्थळाची जागा राजकीय कामासाठी वापरता येत नाही. मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीवरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ रोजी निर्णय दिला. उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या, जातीच्या वा भाषेच्या नावाने मते मागणेही भ्रष्ट आचरण ठरते, असे न्यायालयाने बहुमताने सांगितले. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिकवले की, ख्रिस्तसभा कोणत्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेली नाही; प्रामाणिक भाविकांची मते वेगळी असू शकतात आणि कोणी आपल्याच मतासाठी ख्रिस्तसभेचा अधिकार वापरू नये. मतदान करणे हे मात्र परिषदेने हक्क आणि कर्तव्य दोन्ही मानले आहे. तेव्हा "फादरांनी सांगितले आहे" असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका.

प्रभू येशूला कराचे नाणे दाखवले गेले, तेव्हा त्याने त्यावरील छाप कोणाची असे विचारले. नाण्यावर कैसराची छाप होती. माणसावर देवाची आहे. उमेदवाराच्या अंगावर कोणत्याही पक्षाचा शिक्का असो, मत देणाऱ्याच्या सदसद्विवेकावर तो उमटू देऊ नये.

वाडीच्या प्रार्थनासभेत चर्चेसाठी :

१. मागच्या निवडणुकीत आपण मत कशावरून ठरवले : चिन्ह, नाते, जात, पैसा की काम?

२. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र आपल्यापैकी कोणी वाचले आहे का? या वेळी ते सर्वांना कोण वाचून दाखवील?

३. निवडणुकीमुळे आपले कोणाशी बोलणे बंद झाले आहे का? त्यांच्या घरी प्रथम कोण जाईल?