ग्राहकाच्या घराचे 'तगण्याचे दिवस' मोजा



व्यवसायाचा आराखडा लिहिताना 'आपला ग्राहक कोण' या रकान्यात बहुतेक जण वय, परिसर आणि महिन्याचं उत्पन्न लिहून मोकळे होतात. त्यात एक रकाना वाढवा: पैसा घरात येतो कधी? रोज, आठवड्याला की महिन्याला? हा रकाना किती महत्त्वाचा आहे ते 2020 मध्ये मार्केट यार्डाच्या परिसरात स्पष्ट दिसलं.

25 मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. भाजी-किराणा अत्यावश्यक, त्यामुळे यार्ड आधी चालू होतं. एप्रिलमध्ये शहरात संसर्ग वाढला तसा गुलटेकडीचा फळ-भाजी बाजार बंद झाला, तो मे अखेरीस उघडला. आता हमालाचा विचार करा. त्याची मजुरी पोत्यामागे. गाडी आली नाही की त्या दिवसाचं उत्पन्न शून्य, अर्धं नव्हे. टेम्पोवाला, गेटबाहेरचा चहावाला, डायस प्लॉटमधून सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करायला जाणाऱ्या ताई, सगळ्यांचं असंच.

त्याच वेळी बिबवेवाडी, मुकुंदनगरच्या बऱ्याच घरांत पगार येत होता. काहींचा कापून आला, काहींची नोकरीच गेली, तेही झालं. पण ज्यांचा चालू होता त्यांचं हॉटेल, पेट्रोल, सहली सगळं बंद. रिझर्व्ह बँकेच्या अंदाजानुसार एप्रिल ते जून 2020 मध्ये कुटुंबांची आर्थिक बचत जीडीपीच्या 21 टक्क्यांवर गेली आणि पुढच्याच तिमाहीत 10.4 टक्क्यांवर आली. (जीडीपीच तेव्हा जवळपास 24 टक्क्यांनी आकसला होता, त्यामुळेही हा आकडा फुगलेला दिसतो.) त्याच तिमाहीत शहरांतली बेरोजगारी 20 टक्क्यांच्या वर होती. एका रस्त्याच्या अलीकडे बचत वाढतेय आणि पलीकडे डबा रिकामा होतोय. सरासरी काढली की दोन्ही घरं गायब होतात, म्हणून सरासरीवर माल भरू नका.

आता हिशोब करू. आकडे समजण्यापुरते धरलेत.

पहिलं घर: रोज 600 रुपये, महिन्यात 25 दिवस काम, म्हणजे 15,000. न टळणारा खर्च 12,000, म्हणजे दिवसाला 400. हाताशी 6,000. भागिले 400 केले की 15 दिवस.

दुसरं घर: पगार 40,000. हप्त्यासकट न टळणारा खर्च 30,000, दिवसाला 1,000. हाताशी 60,000. म्हणजे 60 दिवस.

उत्पन्न तिपटीपेक्षा कमीच, पण तगण्याचे दिवस चौपट. त्यात रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट 2020 कर्जाचे हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली. दुसऱ्या घराचा हप्ता 15,000 असेल तर 60 चे 120 दिवस झाले. व्याज चढत राहिलं ही गोष्ट वेगळी. पहिल्या घराला रेशनवर माणशी 5 किलो मोफत धान्य मिळालं, शिवभोजन थाळी 5 रुपयांत होती. याचा आधार मोठा होता. पण तेल, गॅस आणि मोबाईलचं रिचार्ज रोखीनंच घ्यावं लागतं, आणि शाळा मोबाईलवर आल्यावर रिचार्जही न टळणाऱ्या खर्चात गेलं.

तिसरं घर तुमच्यासारख्यांचं, म्हणून त्यावर जास्त बोलतो. हातगाडीवाल्याचं भांडवल आणि घरखर्च एकाच खिशात असतो. धंदा बंद पडला की तो घर चालवतो मालाच्या पैशावर. दोन महिन्यांनी बाजार उघडतो तेव्हा गाडी असते, जागा असते, सकाळच्या खरेदीला पैसे नसतात. 1 जून 2020 ला सुरू झालेली पीएम स्वनिधी योजना नेमकी यासाठी होती: फेरीवाल्याला पहिल्यांदा 10,000 रुपयांपर्यंत खेळतं भांडवल, वर्षभरात फेडायचं. रक्कम लहान वाटते, पण ज्याचं भांडवलच घरात शिजून संपलं त्याच्यासाठी ती दुकान उघडण्याइतकी आहे. तुम्ही निदान दोन खाती वेगळी ठेवा, आणि घराला दर महिन्याला ठरलेली रक्कमच द्या.

आता उधारी. रोजंदारीचं गिऱ्हाईक छोटी पुडी घेतं, किलोमागे महाग पडली तरी. त्याला हिशोब कळत नाही असं समजू नका, आजच्या रोखीत तेवढंच बसतं. त्याचं खातं आठवड्याच्या आत फिरेल इतकंच ठेवा. पगारदाराचं महिन्याचं चालेल. पीठ-तेलाची उधारी एकदम तोडू नका असं माझं मत आहे, बाकी मालाची आधी थांबवा.

समजा तुमचं भाडं, वीज आणि मदतनीस मिळून 24,000, म्हणजे दिवसाला 800. चाळीस खात्यांवर प्रत्येकी 1,500 अडकले तर 60,000. म्हणजे तुमच्याच दुकानाचे 75 दिवस दुसऱ्यांच्या वहीत पडून आहेत.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या दहा गिऱ्हाइकांपुढं 'रोज', 'आठवडा' किंवा 'महिना' लिहा आणि त्यांची उधारी त्याच क्रमानं मांडा. पुढच्या व्हिडिओत याच यादीवरून माल किती भरायचा ते काढू, तेव्हा वही जवळ ठेवा.