आपण डोळ्यानें पाहतों कीं मेंदूनें?

हा प्रश्न ऐकून कित्येकांस हसूं येईल. डोळे मिटले कीं अंधार, उघडले कीं उजेड. मग मेंदूचा येथें काय संबंध, असें ते म्हणतील. परंतु डोळे निर्मळ असतांहि मनुष्यास न दिसणें शक्य आहे, आणि कित्येक मुलांची दृष्टि केवळ वडील मंडळींच्या दिरंगाईमुळें जाते. हें कसें घडतें तें समजावें म्हणून दृष्टीचा मार्ग क्रमानें पाहूं.

१. पडदा. बाहुलींतून आंत शिरलेला प्रकाश भिंगांतून जाऊन डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडतो. तेथें समोरच्या वस्तूचें चित्र उमटतें, पण तें उलटें असतें. ह्या पडद्यांत दहा कोटींहून अधिक सूक्ष्म पेशी आहेत. कांहीं अंधुक उजेडांत काम करितात, तर कांहीं दिवसाच्या उजेडांत रंग व बारकावे टिपतात. चित्र मात्र चित्ररूपानें पुढें जात नाहीं. तारायंत्राच्या दिवसांत तारेंतून कागद जात नसे, केवळ विजेच्या खुणा जात. त्याचप्रमाणें पडद्यापासून मेंदूकडे खुणाच जातात, आणि त्यांचा अर्थ मेंदू लावितो.

२. तंतूंची जुडी. ह्या खुणा वाहणारे सुमारें दहा लाख तंतु प्रत्येक डोळ्यांतून एका जुडींत बाहेर पडतात. जुडी जेथून निघते तेथें पडदा नाहीं, म्हणून तेथें कांहींच दिसत नाहीं. प्रचीति घ्या. कोऱ्या कागदावर चार बोटांच्या अंतरावर शाईचे दोन ठिपके काढा. डावा डोळा मिटून उजव्यानें डाव्या ठिपक्याकडे एकटक पाहा, व कागद हळूहळू जवळ आणा. सुमारें सव्वा वितीवर उजवा ठिपका नाहींसा होईल! एऱ्हवीं ही उणीव भासत नाहीं, कारण मेंदू ती भरून काढितो.

३. चौक. दोन्ही जुड्या मेंदूच्या तळाशीं एकत्र येतात. तेथें प्रत्येक डोळ्याचे नाकाकडील तंतु पलीकडे ओलांडून जातात. कानाकडील आपल्याच बाजूस राहतात. ह्यायोगें समोरच्या देखाव्याचा डावा अर्धा भाग, कोणत्याहि डोळ्यानें पाहिला तरी, मेंदूच्या उजव्या बाजूस पोहोंचतो, व उजवा अर्धा भाग डाव्या बाजूस.

४. शेवटचें ठिकाण. पुढें मेंदूच्या मध्यभागीं एक ठाणें लागतें. तेथून निघालेले नवे तंतु मेंदूच्या अगदीं मागच्या भागीं जातात. ह्याचा एक मोठा पुरावा रणभूमीवर मिळाला. सन १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धांत कित्येक जपानी शिपायांस डोक्याच्या मागील बाजूस गोळ्या लागल्या, तरी ते वांचले. तात्सुजी इनोउये नामक नेत्रवैद्यानें त्यांची दृष्टि तपासली. जखम मेंदूस होती, तरी देखाव्याचा ठराविक तुकडा त्यांस दिसेनासा झाला होता. जखम डावीकडे असेल तर उजवीकडचें दिसेना, आणि तेंहि दोन्ही डोळ्यांनीं. हा शोध त्यानें सन १९०९ मध्यें प्रसिद्ध केला.

५. ह्यावरून बोध. नीट पाहणें मेंदू बाळपणींच शिकतो. ह्यूबेल व वीझल ह्या शास्त्रज्ञांनीं मांजराच्या पिलाचा एक डोळा जन्मानंतर कांहीं महिने बंद ठेविला. पुढें तो उघडला, तरी मेंदू त्याच्या खुणा ओळखीना. अशा संशोधनाबद्दल त्यांस सन १९८१ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. मुलांचेंहि असेंच आहे. डोळा तिरळा असला म्हणजे मेंदूस दोन निराळीं चित्रें मिळतात. तो एक टाकून देतो, व त्या डोळ्याची दृष्टि मंदावते. म्हणून "मोठा झाला कीं आपोआप सुधारेल" असें म्हणून बसूं नये. मुलाचा डोळा तिरळा दिसला, किंवा बाहुली पांढरी दिसली, तर विलंब न करितां नेत्रवैद्याकडे न्यावें. वृद्धांच्या मोतीबिंदूंत केवळ भिंग गढूळ होतें, आणि शस्त्रक्रियेनें बहुधा पुन्हां दिसूं लागतें. परंतु काचबिंदूंत तंतूच मरतात, आणि मेलेले तंतु पुन्हां उगवत नाहींत. वेळीं केलेल्या उपचारानें उरलेले मात्र राखितां येतात.

प्रश्न : (१) पडद्यापासून मेंदूकडे काय जातें? (२) देखाव्याचा डावा भाग मेंदूच्या कोणत्या बाजूस पोहोंचतो? (३) काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत कां येत नाहीं? (४) तिरळ्या डोळ्याच्या मुलास लवकर कां न्यावें?