हळकुंडाचा रंग आणि हळदीचा कस

कापडाचा व्यापारी हळदीवर का लिहितो, असे वाचक विचारतील. किराणा, अत्तारी आणि मसाल्याच्या धंद्यात आपले अनेक बंधू आहेत, आणि हळकुंड घेताना वरचा पिवळेपणा पाहूनच बोली लावली जाते. कापडात असे केले तर दिवाळे निघेल! थानाची परख आम्ही वरच्या घडीवरून करीत नाही.

हळदीचा औषधी कस मुख्यतः कुरकुमीन या पिवळ्या द्रव्यात असतो. युनानीत हळदीला 'जर्द चोब', म्हणजे पिवळे लाकूड म्हणतात. अर्क काढणारे कारखाने या द्रव्याची टक्केवारी पाहून भाव देतात.

ही टक्केवारी प्रथम जातीवर ठरते. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज संशोधन केंद्राच्या 'कृष्णा' जातीत ती सुमारे २.८, तर कालिकतच्या मसाला संशोधन संस्थेच्या 'प्रतिभा'त ६.२ आणि 'प्रभा'त ६.५ सांगितली जाते. सारख्याच वजनात दुपटीहून जास्त फरक. मात्र तीच जात दुसऱ्या जमिनीत, दुसऱ्या हवेत लावली की आकडा बदलतो. वायगावला २०१६ साली, सांगलीला २०१८ साली आणि वसमतला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले; तरी समोरच्या पोत्याचा कस त्यावरून कळत नाही.

आमच्या माजलगावात धरणाच्या कालव्याखाली काळी, भारी जमीन आहे. उसाच्या सवयीने हळदीला पाणी दिले आणि ते साचले की कंद कुजतो. गादीवाफा आणि निचरा हवाच. काढणी साधारण आठ-नऊ महिन्यांनी, पाला पिवळा पडून वाळल्यावर करावी. पैशाच्या निकडीने कोवळा कंद काढला तर वाळताना तो आक्रसतो आणि उतारा घटतो.

खरा घोळ शिजवण्यात होतो. काढणीनंतर दोन-तीन दिवसांत हळद शिजली पाहिजे. पाण्यात पाऊण ते एक तास. फेस आला, हळदीचा वास सुटला आणि काडी सहज आत गेली की पुरे. जास्त शिजली तर रंग बिघडतो, कमी शिजली तर हळकुंड ठिसूळ राहते. गड्डे आणि हळकुंडे वेगळी शिजवावीत, कारण दोघांना लागणारा वेळ सारखा नसतो. मग दहा-पंधरा दिवस वाळवण.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. हळदीत रंगवलेले कापड उन्हात टाकले की लवकर विटते आणि सोडा लागला की लाल होते, हे प्रत्येक रंगरेज जाणतो. तेच द्रव्य पोत्यात आणि बरणीत आहे. काप करून उघड्या उन्हात वाळवलेल्या हळदीचा पृष्ठभाग फिका पडतो तो यामुळेच. दुकानाच्या दर्शनी काचेच्या बरणीत ऊन खाणारी पूड रोज थोडा कस गमावते. ती बंद डब्यात, अंधारात, कोरड्या जागी ठेवावी.

पॉलिशच्या वेळी वरून चढवलेला रंग वेगळाच. मेटॅनिल यलो मिसळला असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाने पूड गुलाबी होते आणि पाणी घातल्यावरही तशीच राहते. शिशाचा पिवळा रंग, लेड क्रोमेट, या कसोटीत सापडत नाही, आणि तोच जास्त घातक आहे. तेव्हा मोठा सौदा करताना हळकुंड मोडून आतला गाभा पाहावा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवून कुरकुमीन व शिसे दोन्ही तपासून घ्यावे. तपासणीचा खर्च कोणी सोसायचा, हे बोलीच्या आधीच ठरवावे.