परसातील कोंबड्या : वर्तन, आजार आणि गावाची जबाबदारी

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड परिसरात शेतीचा पैसा हंगामाच्या अखेरीसच हाती येतो. मधल्या काळात घरातील मीठमिरची, मुलांची वह्या-पुस्तके यांसाठी परसातील आठ-दहा कोंबड्यांची अंडी उपयोगी पडतात. हे उत्पन्न बहुधा घरातील स्त्रीच्या हाती असते. मात्र मानमोडीची एक साथ आली की चार-सहा दिवसांत खुराडे रिकामे होते. ही हानी बव्हंशी टाळता येण्याजोगी आहे. त्यासाठी कोंबडीचे वर्तन ओळखणे आणि गावाने एकत्र येणे, या दोन गोष्टी आवश्यक आहेत.

स्वाभाविक वर्तन

कोंबडीच्या प्रत्येक वेगळ्या हालचालीस आजार समजणे चूक आहे. ती धुळीत लोळते ते पिसांतील उवा-गोचिडांपासून सुटका व्हावी म्हणून. खुराड्याजवळ कोरडी माती व राख ठेवल्यास तिची ही गरज भागते. वर्षातून एकदा जुनी पिसे झडून नवी येतात. त्या काळात अंडी थांबतात. खुडूक झालेली कोंबडी अन्नपाणी कमी करून एकाच जागी पिसे फुगवून बसते. परंतु तिचे डोळे सतेज असतात व कोणी जवळ गेल्यास ती अंगावर येते. अशा कोंबडीखाली अंडी ठेवल्यास २१ दिवसांत पिले बाहेर पडतात.

कळपातील टोचाटोचीलाही नियम असतो. नॉर्वेचे शास्त्रज्ञ शेल्डरूप-एब्बे यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले की, कोंबड्यांमध्ये कोणी कोणास टोचावे याचा क्रम ठरलेला असतो. नवा पक्षी आला की हा क्रम पुन्हा ठरेपर्यंत भांडणे होतात. मात्र रक्त निघेपर्यंत टोचणे चालू राहिल्यास दाटी, अपुरे खाद्य किंवा प्रथिने व क्षार यांची उणीव आहे असे समजावे. कोंबडीस घामाच्या ग्रंथी नसल्याने वैशाखाच्या उन्हात ती चोच उघडून धापा टाकते. तिला सावली व थंड पाणी मिळाले पाहिजे. सकाळच्या गारव्यातही धाप लागत असेल, तर ते आजाराचे लक्षण होय.

आजाराची चिन्हे

मान आत ओढून, डोळे मिटून कोपऱ्यात बसणे, तुरा निळसर वा फिकट पडणे, खाद्य टाकल्यावरही न येणे, ही पहिली चिन्हे होत. तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांच्या विष्ठेत रक्त दिसल्यास रक्ती हगवण संभवते. ओल्या, अस्वच्छ जागेत ती बळावते. तुऱ्यावर व डोळ्यांभोवती खपल्या धरल्यास देवीचा संशय घ्यावा. हा रोग डासांमुळेही पसरतो.

सर्वांत घातक रोग म्हणजे मानमोडी अर्थात राणीखेत. हिरवट पातळ हगवण, घरघर, लुळे पडलेले पाय व पंख आणि पिळवटलेली मान ही त्याची लक्षणे. १९२६ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आढळलेला हा रोग भारतात राणीखेतच्या नावाने ओळखला जाऊ लागला. लागण झाल्यावर त्यावर उपाय नाही. लस हाच उपाय.

शंभर मात्रांची कुपी

लस उपलब्ध असूनही खेड्यातील पक्षी तिच्यापासून वंचित राहतात, याचे एक कारण साधे आहे. पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात थेंब घालून लासोटा आणि सहा ते आठ आठवड्यांनी पंखाखाली आर-टू-बी ही लस द्यावयाची असते. ही लस बर्फात ठेवावी लागते व कालवल्यावर सुमारे दोन तासांत संपवावी लागते. कुपी मात्र शंभर वा त्याहून अधिक मात्रांची असते. दहा कोंबड्या असलेल्या कुटुंबाने ती आणली तर बाकीची लस वाया जाते. म्हणून कोणीच आणीत नाही. दहा-बारा घरे एकत्र आली की हीच अडचण नाहीशी होते. ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याशी विचारविनिमय करून दिवस ठरवावा, आदल्या सायंकाळी दवंडी द्यावी आणि पक्षी मोकळे सोडण्यापूर्वी, भल्या पहाटे लस द्यावी. लस निरोगी पक्ष्यांनाच द्यावयाची असते, हे सर्वांस समजावून सांगावे.

साथ आल्यास

आजारी कोंबडी मरण्याआधी बाजारात विकून टाकण्याची प्रवृत्ती दिसते. गरिबीत ती समजण्यासारखी असली, तरी एका घरातील रोग त्यामुळे दहा गावांत पोहोचतो. आजारी पक्षी वेगळे ठेवावेत. नवे पक्षी दोन-तीन आठवडे कळपात मिसळू नयेत. मेलेले पक्षी नदी-नाल्यात वा उकिरड्यावर न टाकता चुना टाकून खोल पुरावेत.

अनेक पक्षी एकाएकी दगावल्यास तो बर्ड फ्लूही असू शकतो. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे व २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे हा रोग आढळला होता. केवळ पाहून त्याचा व मानमोडीचा भेद सांगता येत नाही. म्हणून मेलेले पक्षी उघड्या हातांनी हाताळू नयेत, कापू नयेत, खाऊ नयेत. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगांची खबर देणे हे पशुपालकाचे कर्तव्य आहे.

शिक्षकांनी ही चिन्हे मुलांना शिकवावीत, कारण सकाळी खुराडे उघडण्याचे काम अनेक घरांत मुलेच करतात. सुस्त कोंबडीकडे त्यांचे वेळीच लक्ष गेले, तर एका घराचीच नव्हे, तर साऱ्या गावाची खुराडी वाचतील.